रेस किती दिली?

मुंबईच्या गॅरेजमध्ये ॲक्सिलरेटरला ॲक्सिलरेटर म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. तिथे त्याचं नाव 'रेस'. "जरा रेस दे", "बस, सोड", "अर्ध्यावर धरून ठेव"... मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आणि पोऱ्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याच्या हुकमाची वाट बघतोय, हे चित्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलंय.

तर या वीकेंडचा विषय आहे ही 'रेस'. आपण किती रेस दिली हे गाडीला कसं कळतं, मुळात ते कळायची गरज केव्हा आणि का पडली, आणि ते गाडीला कळायला लागल्यावर आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीचं काय झालं. थ्रॉटल पोझिशन सेन्सर, थोडक्यात टीपीएस, असं त्या कळवणाऱ्या वस्तूचं नाव. आकाराने काडेपेटीएवढी, पण तिच्यामागे कोर्टकचेऱ्या, पूर, अपघात आणि अडीच हजार कोटींचा दंड एवढं सगळं आहे. थोडी तांत्रिक बडबड होईल, पण शाळेतलं विज्ञान पुरेल. :-)

कुर्ल्यात बनलेली गाडी

कुर्ल्याला एलबीएस मार्गाजवळ आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. त्या जागेवर एकेकाळी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग १९५०च्या दशकात इटलीच्या फियाटचं ११०० मॉडेल आलं. तीच गाडी १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत थोड्याफार फरकाने तशीच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्यावर एक कार्ब्युरेटर. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आपल्याला इतकी सवयीची होती, की ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा त्याची बातमी झाली.

पद्मिनीत 'रेस' म्हणजे पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत सरळ यांत्रिक जोडणी. कार्ब्युरेटरच्या गळ्यात एक गोल चकती असते. पेडल दाबलं की चकती फिरते आणि हवेला वाट मोकळी होते. हवा अरुंद गळ्यातून जोरात गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल आपोआप खेचलं जातं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. यात कुणाला काही 'कळण्याचा' प्रश्नच नाही. आकडा नाही, वायर नाही.

अडचण एकच होती. झटक्यात रेस दिली की हलकी हवा लगेच आत घुसते, पेट्रोल मात्र जड असल्यामुळे मागे रेंगाळतं आणि इंजिन क्षणभर गुदमरतं. त्यावर इलाज म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असायचा. चकती झपकन फिरली की तो पेट्रोलची एक चिळकांडी जास्तीची मारायचा, हळू फिरली तर जवळपास काहीच नाही. आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे जरा थांबून दाद द्यायला हवी. चकती किती उघडली यापेक्षा ती किती वेगाने उघडली याला उत्तर देणारी पिचकारी, म्हणजे चक्क डेरिव्हेटिव्ह काढणारं यंत्र! आणि तेही रबरी पडदा आणि स्प्रिंगच्या जोरावर.

या गाडीचं निदान कान, नाक आणि डोळ्यांनी व्हायचं. मिक्श्चरचा स्क्रू फिरवत आयडलिंग ऐकायचं, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असेल तर कमी, विटकरी तपकिरी असेल तर झकास. अंधेरी असो की मुलुंड, उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षं काढली की ही विद्या यायची. तिला पासवर्ड नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धुरामुळे आलेला कॉम्प्युटर

हे सगळं बदलायला कारण झाला धूर. ही गोष्ट आधी बाहेर घडली. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुराचे नियम कडक केले आणि १९६७ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने डी-जेट्रॉनिक नावाची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत आणली. पेट्रोल किती मारायचं हे आता एक डबा ठरवू लागला. आणि त्या डब्याला चकतीची खबर देणारा एक स्विच चकतीच्या दांड्यावर बसला. आपल्या टीपीएसचा पूर्वजच म्हणा ना.

आपल्याकडे ते यायला जवळजवळ तीस वर्षं गेली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आलं. कन्व्हर्टरची एक अट असते. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण जेवढं अचूक राहील, तेवढं त्याचं काम चांगलं. कार्ब्युरेटरला एवढी शिस्त कायम पाळणं कठीण.

मग एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिल्ली परिसरासाठी आदेश दिला: नव्या गाड्यांना जूनपासून युरो १ आणि एप्रिल २००० पासून युरो २. मुंबईतही त्याच सुमाराला स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका उच्च न्यायालयात होती. त्यातून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळवण्याला वेग आला. २००१ मध्ये युरो २ च्या तोडीचे भारत स्टेज २ नियम मुंबईत लागू झाले.

याचा परिणाम आपण गाड्यांच्या मागच्या बाजूला वाचला. 'एमपीएफआय' अशी अक्षरं! १९९८ ची सँट्रो एमपीएफआय घेऊनच आली. २००० मध्ये मारुती ८०० लाही ते मिळालं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती अक्षरं मिरवणाऱ्या किती जणांना त्यांचा अर्थ माहीत होता, हा वेगळा विषय. (मल्टी पॉइंट फ्युएल इंजेक्शन. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर.) असो.

तीन वायरी

आता पेट्रोल आपोआप ओढलं जात नाही, कॉम्प्युटर हिशेब करून ते मारतो. त्यामुळे पेडलवरच्या पायाची इच्छा त्याला कुणीतरी सांगायला हवी. ते काम टीपीएसचं.

जुन्या रेडिओचा आवाज वाढवायची खुंटी आठवते? आत कार्बनची एक वळलेली पट्टी आणि तिच्यावर सरकणारी धातूची जीभ. टीपीएस म्हणजे नेमकं तेच, फक्त खुंटीच्या जागी थ्रॉटलच्या चकतीचा दांडा. वायरी तीन: एका वायरीने कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी सिग्नलची. चकती बंद असताना सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास.

बंद असताना शून्य का नाही? इथे खरी गंमत आहे. वायर तुटली तर काय दिसेल? शून्य. सिग्नलची वायर ५ व्होल्टच्या वायरीला चिकटली तर? पूर्ण ५. म्हणून दोन्ही टोकांची थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. अर्धा व्होल्ट म्हणजे 'पाय वर आहे', शून्य म्हणजे 'माझ्याशी संपर्क तुटलाय'. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल यातला फरक न कळल्यामुळे झालेले घोळ ज्यांनी निस्तरलेत, त्यांना ही युक्ती फार आवडेल.

या एका आकड्यावर कॉम्प्युटर बरीच कामं करतो. आकडा झपकन वाढला तर जास्तीचं पेट्रोल, म्हणजे त्या जुन्या पिचकारीचं काम आता दोन-चार ओळींच्या कोडमध्ये. चकती बंद पण इंजिन वेगात, म्हणजे गाडी उतारावरून येतेय, तर पेट्रोल बंद. पूर्ण रेस दिली तर बऱ्याच गाड्यांत थोडा वेळ एसीचा कॉम्प्रेसर बंद. शिवाय आत जाणाऱ्या हवेचं माप देणारा दुसरा सेन्सर असतो. दोघांचं म्हणणं जुळतं का, हेही तो तपासत राहतो.

आता ही कार्बनची पट्टी झिजते. आणि कुठे झिजते? जिथे जीभ जास्त वेळ घासते तिथे. एस. व्ही. रोडवर अंधेरीहून बोरिवलीला संध्याकाळी साडेसातला निघालेल्या माणसाचा पाय बहुतेक वेळ कुठे असतो? जेमतेम दाबलेला. म्हणजे पट्टीचा सुरुवातीचा भागच घासून घासून उडतो. मग त्या ठरावीक कोनात जीभ आली की सिग्नल क्षणभर कोसळतो. कॉम्प्युटरला वाटतं पाय काढला, लगेच वाटतं परत दाबला. गाडी हिसके देते. गिऱ्हाईक सांगतं "मिसिंग आहे", आणि मिसिंग म्हटल्यावर कार्ब्युरेटरच्या काळापासूनची सवय म्हणून आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. हिसका तिथल्या तिथेच.

केबलवाल्या गाडीत हे शोधायची रीत सोपी आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद, सिग्नलच्या वायरीवर मीटर लावायचा आणि हाताने चकती अगदी सावकाश उघडायची. काटा गुळगुळीत वर चढला पाहिजे. मध्येच टपकन खाली पडून परत उठला, तर पट्टी गेली. यासाठी जुना काटेवाला मीटर साध्या डिजिटल मीटरपेक्षा बरा. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन दाखवतो, मधल्या मध्ये झालेली घसरण त्याच्या हातून निसटते. काटा मात्र थरथरून चुगली करतो.

इथे एक उपनगरी योगायोग सांगायला हवा. मुंबईत महानगर गॅसमुळे सीएनजी लवकर आला आणि खाजगी गाड्यांनाही बाहेरून किट बसवायचा धंदा जोरात चालला. एमपीएफआय गाडीला बसवायच्या बऱ्याच किटना टीपीएसचा सिग्नल लागायचा. म्हणजे तीन वायरींतली नेमकी सिग्नलची वायर मीटरने शोधून, सोलून तिला जोड द्यावा लागे. कार्ब्युरेटरवर वाढलेल्या कितीतरी हातांना या कामाने मीटर धरायला लावला. कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरचं तोंड न बघता!

दुसरा धडा २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीच्या काठच्या कुर्ला, कलिना भागात गाड्या पाण्याखाली गेल्या. कार्ब्युरेटरची गाडी साफ करून, तेल बदलून, सुकवून पुष्कळदा चालू करता येई. इंजेक्शनच्या गाडीत पाणी कनेक्टरमध्ये शिरतं आणि तांब्याच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. अर्थिंगच्या पिनेवर असा गंज चढला तर सेन्सर ठणठणीत असूनही खोटं बोलायला लागतो. अर्थिंगमध्येच अडथळा आला की सगळे आकडे वर सरकतात, बंद चकतीचा अर्धा व्होल्ट पाऊण व्होल्ट होतो आणि कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी पेडलवर पाय ठेवून बसलंय. मग आयडलिंग खालीवर. त्यासाठी पूरही लागत नाही, आपले चार महिन्यांचे पावसाळे पुरेसे आहेत.

केबल गेली

इथपर्यंत पेडल आणि चकती यांच्यामध्ये निदान एक तारेची केबल होती. सेन्सर नुसता बघ्या. तो खोटं बोलला तर गाडी हिसके देईल, पण पाय काढला की स्प्रिंगने चकती बंद व्हायची.

१९८७ मध्ये बीएमडब्ल्यूने ७५० मॉडेलमध्ये केबलच काढून टाकली. पेडलवर सेन्सर, चकतीवर मोटर, मध्ये कॉम्प्युटर. आपल्याकडे सामान्य माणसाला अशी गाडी आधी डिझेलमध्ये भेटली. २००२ ची ॲक्सेंट सीआरडीआय, २००७ ची स्विफ्ट डीडीआयएस वगैरे. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नव्हे तर डिझेल किती मारलं यावर ठरते, त्यामुळे त्यात पेडलचा सेन्सर कॉम्प्युटरला थेट ताकदीची मागणी कळवतो. मग हळूहळू पेट्रोल गाड्यांतही मोटरवाला थ्रॉटल आला. फायदे खरेच आहेत. आयडलिंगसाठी वेगळा व्हॉल्व्ह नको, चाक घसरलं तर कॉम्प्युटर स्वतःच रेस कमी करतो, क्रूझ कंट्रोल जवळजवळ फुकट मिळतो, धूर कमी.

पण आता सेन्सर बघ्या राहिला नाही. तो जे सांगेल तसं गाडी वागणार. म्हणून सगळं दुप्पट झालं. पेडलवर दोन सेन्सर, चकतीवर दोन. आणि दोघांचे आकडे मुद्दाम वेगळे. बऱ्याच पेडलमध्ये एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो. चकतीवर अनेकदा एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो, बेरीज कायम ५ च्या आसपास. दोघांना एकच आकडा का दिला नाही? कारण दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही साक्षीदार एकच खोटी साक्ष देतील आणि कॉम्प्युटर म्हणेल, वा, दोघांचं जुळतंय! वेगवेगळी भाषा बोलणाऱ्या साक्षीदारांचं संगनमत लगेच उघडं पडतं. साक्ष जुळली नाही, की कॉम्प्युटर मोटरचा पुरवठा तोडतो, स्प्रिंग चकतीला किंचित उघड्या जागी आणून ठेवतात आणि गाडी रांगत रांगत घरी जाऊ शकते. पुढे घासणारी कार्बनची पट्टीही गेली, तिच्या जागी चुंबकावर किंवा कॉइलवर चालणारे, न घासणारे सेन्सर आले.

एक धोक्याची सूचना, यूट्यूब बघून बॉनेट उघडणाऱ्यांसाठी: मोटरवाल्या थ्रॉटलमध्ये इग्निशन चालू असताना बोट घालू नका. मोटर बोट ओळखत नाही.

हे सगळं करूनही प्रश्न उरतोच, साक्षीदार नीट असले आणि न्यायाधीशच चुकला तर? ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक लेक्सस बेफाम सुटली आणि एकाच कुटुंबातली चार माणसं गेली. कारण निघालं चुकीची मॅट, तिच्यात पेडल अडकलं होतं. पण टोयोटाच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलबद्दल संशयाचं वादळ उठलं. सरकारने थेट नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांना गाडी बेफाम सोडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पण पेडलच्या काही सेन्सरमध्ये कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढून दोन सर्किट जोडलेले मात्र सापडले. मग ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका ज्युरीने, २००७ मध्ये झालेल्या कॅमरीच्या अपघातात, सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञांची साक्ष ऐकून टोयोटाला जबाबदार धरलं आणि ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. दोन निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाने ही प्रकरणं मुळातून वाचावीत. आपला बग आला तर फार तर पेज लोड होत नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे

कॉम्प्युटरला आकडा पटला नाही की तो चेक इंजिनचा दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. पूर्वी हे कोड दिव्याच्या उघडझापेवरून मोजायचे. सुझुकीच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत १२ म्हणजे सगळं ठीक, २१ आणि २२ म्हणजे थ्रॉटल सेन्सर. आपल्याकडे २०१३ पासून ओबीडी २ लागू झालं, तेव्हापासून सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की जगभर चालणारे कोड मिळतात. पी ०१२२ म्हणजे टीपीएसचा व्होल्टेज फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त, पी २१३५ म्हणजे दोन सेन्सरचं जुळत नाही.

नीट वाचा. पी ०१२२ 'सेन्सर बदला' असं म्हणत नाही. 'या वायरीवर मला व्होल्टेज कमी दिसतोय' एवढंच म्हणतो. सेन्सर गेला असेल, वायर उंदराने कुरतडली असेल, पिनेवर गंज असेल. किंवा भलताच एखादा सेन्सर शॉर्ट होऊन त्याने दोघांना मिळून दिलेला ५ व्होल्टचा पुरवठा खाली ओढला असेल. स्टॅक ट्रेसमध्ये ज्या ओळीवर प्रोग्राम पडला ती ओळ दिसते. चूक तिथेच असते का कधी?

माझ्या गाडीला दोन पावसाळ्यांपूर्वी हेच झालं. घाटकोपरच्या सिग्नलला दिवा लागला आणि गाडी रांगायला लागली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये (नाव राहू दे) स्कॅनर लावला, पी २१३५ आला, आणि दहा मिनिटांत अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायचं एस्टिमेट हातात. पाच आकडी. सेन्सर सुटा मिळत नाही, असेंब्लीच घ्यावी लागेल, असं अदबीने सांगितलं. त्या मुलाचा दोष नाही, त्याच्या समोरच्या तक्त्यात तेच लिहिलं होतं आणि बाहेर अजून बारा गाड्या उभ्या होत्या.

मग भांडुपच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. साठीचा माणूस, पद्मिनीवर शिकलेला. त्यांच्याकडेही एक छोटा स्कॅनर आहे. कोड वाचला, मान हलवली आणि बाजूला ठेवला.

"काय वाटतं मिस्त्री, बॉडी बदलावी लागेल?"

"थांबा हो साहेब. आधी त्याला जेवण मिळतंय का ते तर बघू."

जेवण म्हणजे ५ व्होल्ट. ते बरोबर होते. मग मीटरची एक पिन अर्थिंगच्या वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको, पण चक्क अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसत होतं. कनेक्टर उघडला, एक पीन हिरवीगार. साफ केली, नवी पीन दाबून बसवली, कोड पुसला, वायरी हलवून हलवून पाहिल्या. तीनशे रुपये. वर चहा त्यांनीच पाजला.

यावरून 'जुनं ते सोनं' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो काढू नका. नुसत्या कानाने हा बिघाड कधीच सापडला नसता. त्यांना स्कॅनरही लागला आणि मीटरही. फरक एवढाच की स्कॅनरचं उत्तर त्यांनी शेवट म्हणून घेतलं नाही.

स्कॅनर कुणाच्या हातात?

म्हणजे प्रश्न कौशल्याचा नाही, माहितीचा आहे. कार्ब्युरेटरची विद्या उस्तादाकडून मिळायची. पण कुठल्या पिनेवर काय असतं, बदललेल्या थ्रॉटलला 'बंद' आणि 'उघडी' जागा पुन्हा कशी शिकवायची, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मॅन्युअलमध्ये असतं. ते बाहेरच्या गॅरेजला दिलंच नाही तर?

जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेमकी हीच तक्रार केली. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचं म्हणणं असं, की अस्सल सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देऊन कंपन्यांनी ग्राहकाला बांधून ठेवलं. कंपन्यांचा बचाव होता सुरक्षिततेचा आणि बौद्धिक संपदेचा. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवून दंड मात्र कमी केला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही, टोयोटाची गोष्ट मी उगाच नाही सांगितली. ज्या भागावर जीव अवलंबून आहे त्याला अर्धवट माहितीवर हात लावू नये, हे खरंच. पण मग अर्धवट माहितीवर उपाय काय? पूर्ण माहिती देणं. आज लॅमिंग्टन रोडवर स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, तो कोड वाचून दाखवतो. म्हणजे अर्धी माहिती आधीच सगळ्यांच्या हातात आहे. अडलंय ते उरलेल्या अर्ध्यापाशी.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. त्यात थ्रॉटलची चकती नाही, हवा नाही, पेट्रोल नाही. पण पेडल आहे आणि पेडलमध्ये वेगवेगळे आकडे सांगणारे दोन सेन्सर आहेतच. 'रेस किती दिली' हा प्रश्न तसाच आहे आणि त्याचं उत्तर वाचायची परवानगी कुणाला, हाही. पुढची गाडी घेताना ॲव्हरेज आणि सनरूफसोबत शोरूमवाल्याला एवढं जरूर विचारा, की वॉरंटी संपल्यावर हिचं मॅन्युअल माझ्या मिस्त्रीला मिळेल का. उत्तर देताना त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळवा. :-)